अँटेनाच्या बाजूची साक्ष

“भिंतीला भोक पडण्याआधी अँटेनाची बाजू ऐकली जाईल,” असे म्हणून बाबांनी ड्रिलचा प्लग स्वतःच्या हाताने उपटला.

डिशवाला स्टुलावरून उतरला. डिश मुलीने आणली होती, न विचारता, आणि तिचा खोका दिवाणखान्याच्या मधोमध उघडा पडला होता. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांची शाळा घरात भरत असे.

“ही थाळी एकदा टांगली की जन्मभर तिचे हप्ते,” ते म्हणाले. “वर ढग आले की चित्र गायब. आमची अँटेना फुकट आणि चित्र आरशासारखं.”

“आरशासारखं कशामुळे, तेही सांगा की यांना.” मुलीचा आवाज थंड होता.

ते बाबांनी सांगितले नाही. मुलगी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी गच्चीवरच्या अँटेनाचा खांब आवळून धरणारा क्लॅम्प तुटला. तेव्हापासून वारा सुटला की खांब फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. खांब कुणी हाताने धरून ठेवला की मुंग्या जात. क्लॅम्प कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होता. परंतु घरात माणूस असताना क्लॅम्प कशाला, असा बाबांचा सिद्धान्त होता. आणि तो माणूस कोण, यावर त्या घरात कधी चर्चा करावी लागली नाही.

खांब आई धरत आली. उन्हात डोक्यावर पदर घेऊन, थंडीत हाताला फडके गुंडाळून. अंतिम सामने, निवडणुकांचे निकाल, शपथविधी, युद्धे: त्या काळातला सगळा इतिहास तिने खालच्या आरडाओरड्यावरून ओळखला. ती वरून विचारी, “आलं का?” चित्र बिघडलेले असेल तर जिन्यातून बाबांचे उत्तर येई, “जरा डावीकडे. हां. आता हलू नकोस.” चित्र चांगले असेल तर उत्तर येत नसे. पाहणाऱ्यांना तेवढी सवड कुठली?

एकदा बाबांचीच मुलाखत टीव्हीवर झाली. आळी लोटली. मध्येच टाळ्यांचा कडकडाट झाला तो आईने गच्चीत ऐकला आणि खाली आल्यावर विचारले, “टाळ्या कशाला हो वाजल्या?” बाबा म्हणाले, “काही विशेष नाही. तुझ्याबद्दल बोललो होतो दोन शब्द.”

“तुझी आई कधी तक्रार करते का ते विचार तिला,” बाबा आता मुलीला म्हणाले, आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक टाकली. “अगं, बाहेर ये. तूच साक्षीदार. सांग या शहाण्यांना, आपल्या अँटेनाचं चित्र कसं असतं?”

आई हात पुसत दारात आली. तळव्यांवर गंजाचे तांबूस डाग होते. ते साबणाने जाणारे राहिले नव्हते. तिने टीव्हीकडे पाहिले, एखाद्या परक्या घरातल्या वस्तूकडे पाहावे तसे.

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “मी कुठे पाहिलंय?”

डिशवाल्याने चेहरा खोक्याकडे वळवला. मुलगी काही बोलणार होती. आईने तिला नजरेनेच गप्प केले.

“पण तुम्ही साक्ष मागताय, तर खोटी कशी देऊ? तुम्ही वर जा, धरा. मी बघते आणि सांगते.”

बाबांनी आयुष्यभर शाळेतल्या मुलांकडे पुरावा मागितला होता. आता पुराव्याला नाही म्हणणे त्यांच्या पदाला शोभले नसते. ते जिना चढले. गुडघ्यांचा आवाज खालपर्यंत आला.

आई त्यांच्या खुर्चीत बसली. आधी काठावर, मग पाठ टेकवून. पडद्यावर मुंग्यांचे वारूळ फुटले होते. वर खांब करकरला, आणि एकाएकी चित्र लख्ख झाले: बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातला खडासुद्धा चमकताना दिसला. बाबांचा दावा खरा होता. अँटेना खरोखरच उत्तम होती.

“आलं का?” गच्चीवरून आवाज आला.

मुलगी जिन्याकडे निघाली. आईने तिचे मनगट धरून तिला शेजारी बसवले आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. बातम्या संपल्या. कुठल्याशा समुद्राच्या तळाचे चित्रण लागले. निळ्या पाण्यातून मासे सावकाश वळत होते. आईने पाय वर घेतले.

“अगं, आलं का? ऊन लागतंय इथं.”

डिशवाल्याने हलक्या आवाजात विचारले, “काकू, ड्रिलचा प्लग लावू का?”

“बसा हो, घाई काय आहे,” आई म्हणाली. मग पडद्यावरची नजर न हलवता तिने जिन्याच्या दिशेने स्वच्छ, खणखणीत साक्ष दिली.

“नाही आलं अजून. हलू नका.”