डाळिंबाचा गार चहा

"अवो, ते दुधाचं पातेलं हाय," चांगुणाबाई खाटेवरून म्हणाल्या. तरी रखमाजींनी त्यातच पाणी, गवती चहा आणि चहाची पूड टाकून खळाखळा उकळलं.

घशावर किरणांचे उपचार झाल्यापासून बाईंना गरम सोसत नव्हतं आणि कशाचीच चव कळत नव्हती. चव परत येईल, पण कधी ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तीन महिने त्या काहीही दिलं तरी "छान झालंय" म्हणून गिळत होत्या. ते "छान" रखमाजींना ऐकवत नव्हतं.

त्यांनी चहा गाळून निववला, त्यात डाळिंबाचा रस, पुदिना आणि बर्फ घातला नि पेला बायकोच्या हातात दिला. बाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पूड लई उकळली तुम्ही. डाळिंब घालूनबी कडूजहर झालाय."

"काय म्हणालीस?"

"कडू, कडू. कानबी गेले का?"

रखमाजी अनवाणीच अंगणात धावले आणि शेजाऱ्यांच्या दाराशी जाऊन सांगू लागले, "अवो, बाहेर या, आमच्या हिनं माझ्या चहाला नावं ठेवली."