दहा वाक्यं

"अंगठा कुठे आहे?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

सिंधूचा अंगठा पदराशी चाळा करत होता. तिने तो सरळ केला.

"पुन्हा म्हण."

"आय ड्रिंक युज्वली टी, बट..."

"झालं. आलीच गाडी रुळावरून खाली." बाई चिडल्या नव्हत्या. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं माणूस चिडत नाही, थकतं. "आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'सहसा', 'क्वचित' वाटेत कुठेही ठेवलं तरी चालून जातं. इथे तसं नाही. 'आय' म्हटलं की अंगठा तर्जनीवर टेकवायचा. टेकला की 'युज्वली'. मग 'ड्रिंक'. 'बट'नंतर तेच. एका वाक्यात अंगठा दोनदा टेकला पाहिजे."

सिंधूने टेकवला. वाक्य नीट उतरलं.

अशी दहा वाक्यं होती. बाईंनी ती तिला कार्बनच्या प्रतीवर दिली होती, जांभळी आणि जरा पुसट. मी सहसा चहा पिते, पण वडील नेहमी कॉफी पितात. मी खूपदा वाचते, पण क्वचितच लिहिते. मी नेहमी चालते, पण बहीण सहसा बसने जाते. सिंधूला बहीण नव्हती. बाई म्हणाल्या, असू दे.

पावणेसहा वाजले की बाई तिला मागच्या दाराने घालवत. कारखान्याचा भोंगा झाला की पुढची शिकवणी यायची. "माझ्याकडे कोण येतं ते कुणाला कळत नाही," त्या सांगत. "तुझंही कळणार नाही." सिंधूला तेवढाच आधार होता.

कारण लपवण्यासारखं होतंच. तिचे वडील काशिनाथपंत कारखान्याच्या स्टोअर्समध्ये हेडक्लार्क. साताऱ्याहून बदलून बरखेड्याला, कारखान्याच्या वसाहतीतल्या नव्या क्वार्टरमध्ये आले त्याला दोन वर्षं झाली होती. भिंतींचा चुना अजून हाताला लागायचा. अशात तिथल्याच एका इंजिनिअरचं स्थळ आलं. अच्युत नाव. त्याच्या आईने पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: मुलगा सप्टेंबरात दोन वर्षांच्या ट्रेनिंगला विलायतेला जाणार, बायकोही बरोबर जाणार. मुलगी इंग्रजी बोलणारी हवी. परीक्षा मुलगा स्वतः घेईल.

"मुलगी उत्तम इंग्रजी बोलते," असं काशिनाथपंतांनी उलट टपाली कळवून टाकलं. सिंधू मराठी शाळेतून मॅट्रिक झालेली. इंग्रजी वाचायची, पण बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची.

नाही म्हणणं सोपं होतं. पण सिंधूने अच्युतला गेल्या गणपतीत पाहिलं होतं. मांडवातली बाकं एकट्याने उचलत होता आणि एक बाक पायावर पडल्यावर स्वतःशीच हसला होता. तो तिला आवडला होता, मनापासून. इतका की आईलाही सांगायची लाज वाटायची. आणि जो आवडला त्यालाच फसवायचं, हे तिला रोज खुपायचं.

रविवारी सकाळी मंडळी आली. अच्युत आणि त्याची आई. शंकरपाळ्यांच्या बशा फिरल्या. काशिनाथपंत हवेबद्दल बोलले, मग पाण्याच्या नळाबद्दल बोलले, मग विषय संपले.

"विचार रे," अच्युतची आई म्हणाली.

अच्युतने घसा साफ केला. दोन्ही हात टेबलाखाली, पाठ ताठ, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

"डू यू ड्रिंक टी?"

सिंधूचा श्वास मोकळा झाला. पदराखाली अंगठा दोनदा टेकला आणि पहिलं वाक्य बिनचूक बाहेर पडलं. काशिनाथपंतांनी कॉफीच्या उल्लेखावर मान डोलावली. कॉफी त्यांना चालत नसे.

"डू यू रीड?"

दुसरं वाक्य.

"डू यू वॉक?"

तिसरं. देवच पावला, सिंधूला वाटलं. जे पाठ केलं तेच विचारलं जात होतं, तेही ओळीने. काशिनाथपंतांचा चेहरा फुलला.

"छान बोलतेस," आई म्हणाली. "पण राग मानू नकोस हं, पाठ केल्यासारखं वाटतं. एखादं मनचं सांग बघू."

काशिनाथपंतांनी उगीच बशी पुढे सरकवली. सिंधूला दहाच्या दहा वाक्यं आठवत होती आणि त्यातलं एकही मनचं नव्हतं. विलायत राहू दे, निदान खोटं तरी नको, असं तिला वाटलं. पदर सरकला होता, पण तिचं लक्ष नव्हतं. अंगठा टेकला.

"आय सेल्डम स्पीक इंग्लिश," ती हळूहळू म्हणाली. अंगठा पुन्हा टेकला. "बट आय ऑलवेज ट्राय."

क्वचितच बोलते, पण नेहमी प्रयत्न करते. कबुलीच होती ती. काशिनाथपंतांना कळली आणि त्यांनी मान खाली घातली.

अच्युत कॅलेंडरवरून नजर काढून तिच्या हाताकडे बघत होता. बराच वेळ. मग त्याचे कान लाल झाले.

रागावला, सिंधूला वाटलं. संपलं.

"आता तू विचार त्याला काही," आई मोकळेपणाने म्हणाली. "हवं ते विचार. इंग्रजीतच."

संपलंच आहे तर विचारून टाकावं. जे महिनाभर डोक्यात होतं तेच तिने मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं.

"व्हाय डू यू वॉन्ट इंग्लिश वाइफ?"

इंग्रजी बोलणारी असं तिला म्हणायचं होतं. कुणी हसलं नाही. आई अच्युतकडे कौतुकाने बघत होती. त्याच्या कपाळावर घाम आला.

तो पाणी प्यायला. भांडं ठेवलं, पण हात परत टेबलाखाली न्यायचं राहून गेलं.

"आय," तो म्हणाला, आणि त्याचा अंगठा तर्जनीवर टेकला.