दुसरा बार

कत्तलखान्याच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंना साखळीला उलट्या टांगलेल्या रेड्याची पापणी लवलेली दिसली. त्यांनी पुढे होऊन डोळ्याला बोट लावलं. पापणी पुन्हा मिटली. जनावर शुद्धीवर होतं.

"थांबवा सगळं," त्या म्हणाल्या.

मुकादमाने धावत येऊन, कापण्याआधी जनावर बेशुद्ध करायच्या पिस्तुलाचा आणखी एक बार रेड्याच्या कपाळात काढला, तेव्हा कुठे ते धूड ढिलं पडलं. मग त्याने ते पिस्तूल रोज चालवणाऱ्या पिस्तूलवाल्याकडे बोट दाखवलं. "हा एकोणीस वर्षं हेच काम करतोय, पण आता याचं लक्ष नसतं."

पिस्तूलवाला मान खाली घालून उभा राहिला. बाईंनी अहवालात त्याचं नाव लिहिलं, पुढे 'निष्काळजीपणा' लिहिलं. त्याची नोकरी जाणार हे दोघांनाही कळलं.

बाई हात धूत होत्या, तेव्हा तो मोरीच्या दाराशी आला.

"तिथे काहीच का बोलला नाहीत?" त्यांनी विचारलं.

"काडतुसं हलकी येतात, मॅडम. चार महिने सांगतोय. वरचे म्हणतात, चालतंय ना, मग चालू दे. पहिल्या बाराने जनावर नुसतं पडतं, शुद्ध जात नाही. मी लगेच दुसरा देतो, म्हणून कुणाला कळत नाही."

"मग आज का नाही दिलात?"



"आज तुम्ही बघत होतात. तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम हात आवरला. त्या रेड्याकडे मात्र मला बघवलं नाही."