चालताबोलता

जिना चढताना ह्यांना धाप लागली, तशी मी ओढतच डॉक्टरांकडे नेलं. सासूबाईही आल्या.

“घरात कुणाला हृदयविकार?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे हो!” सासूबाई ताठ बसल्या. “सासरे, दीर, ह्याचे वडील, सगळे चालताबोलता गेले. कुणाची सेवा घेतली नाही.”

कडेवरच्या लेकीला घट्ट धरत मी विचारलं, “वय काय होतं हो, आई?”

“चाळिशीच...” म्हणता म्हणता त्या ह्यांच्याकडे वळल्या.

तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, सिगारेट सुटली.

लेक आता शाळेत जाते. काल ह्यांनी गुपचूप कलप आणला, तर सासूबाईंनी डबीच हिसकावली.

“खबरदार! आमच्या घराण्यात केस पिकलेला पहिला पुरुष आहेस तू. जरा मिरव की!”