पाणी घेऊन आलेली बाई

"ती बाई पुन्हा आपल्याकडेच बघतेय," विनीता हळूच म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, रेणुकादासने, मागे वळून पाहिलं नाही. "पाणी घेऊन चाललीय बिचारी. बघेना का."

अहमदपूरपासून दीड तास आत, पायथ्याची वाडी सोडून ते आता माळाला लागले होते. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांत बदलून आलेली सात-आठ कुटुंबं महिन्यातून एका रविवारी असं डोंगरात हिंडायला यायची. भूगोल शिकवणाऱ्या शिवमूर्ती सरांनी दगडांवर चुन्याच्या खुणा करून वाट आखली होती. सकाळी चढायचं, माथ्यावरच्या महादेवापाशी डबे सोडायचे, दिवस कलायच्या आत उतरायचं. यंदा वाटेवरचे दोन्ही झरे आटले होते. गवत नव्हतं, सावली नव्हती. म्हणून वाडीतला नागप्पा घागर घेऊन सोबत यायचा. आज त्याच्याऐवजी ही बाई आली होती.

"नागप्पा कुठाय, सर?" विनीताने विचारलं.

"ही म्हणाली, आज मी येते. पंचफुला नाव. बरी आहे की. नागप्पासारखी तोंडाची टकळी तरी चालू नाही."

"गावोगाव पोरं पळवणाऱ्यांच्या बातम्या आहेत."

"अहो विनीताताई, डोक्यावर घागर घेऊन पोर कसं पळवायचं? काही तरी एक सांडणारच."

सगळे हसले. विनीता हसली नाही. तिने लेकीची, विशाखाची, टोपी सारखी केली आणि तिचा हात आणखी घट्ट धरला.

विशाखाला नुकतं चौथं वर्ष संपलं होतं. तिच्यासाठी उकळलेल्या पाण्याची बाटली वेगळी, खाऊ वेगळा, पडलीच तर लावायला मलमसुद्धा पिशवीत. विनीता जास्तच जपते, असं कचेरीतल्या बायका म्हणत. म्हणोत. भोकरहून बदली झाली तेव्हा लातूरला यायला तीच उतावीळ होती. जिल्हा नवा, माणसं नवी. कुणी मागचं-पुढचं विचारत नाही, हे तिला फार बरं वाटे.

अर्ध्या वाटेवर एका वाळक्या लिंबाखाली सगळे थांबले. पंचफुलाने घागर उतरवली. प्रत्येकाला पेलाभर पाणी दिलं. विशाखा हात सोडवून तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"हास की बाई," पंचफुला म्हणाली.

विशाखा हसली.

"झाक हायेत दात."

विनीताने मुलीला मागे ओढलं. "तिचं पाणी वेगळं आहे."

"हाव बाई. असू द्या."

शिवमूर्ती सरांच्या बायकोला, शिवकांताबाईंना, गप्प बसवत नसे. "लेकरं किती गं तुला?"

"तीन झाली. एक बी जगलं न्हाई."

"अगं बाई!"

"चौथी हाय की. चांगल्या घरी हाय."

"मग देवाने बघितलं म्हणायचं." शिवकांताबाईंनी पेला पुढे केला. "दे अजून घोटभर. घसा नुसता भाकरीच्या तव्यासारखा झालाय."

विनीता बाटलीचं झाकण आवळत होती. ते आधीच बसलं होतं, तरी ती आवळत राहिली.

उरलेला चढ तिने मुलीला कडेवर घेऊन काढला. माथ्यावर पोचली तेव्हा तिच्या पाठीला कळ लागली होती. चहूकडे उघडी पिवळी रानं दिसत होती. डबे सुटले. कुणाच्या तरी धपाट्यांवर, कुणाच्या तरी चटणीवर बोलणं रंगलं. विनीताने भात कालवायला मान खाली घातली आणि वर केली तेवढ्यात विशाखा जागेवर नव्हती.

"विशू?"

तिने डबा तसाच टाकला. देवळाच्या उजव्या अंगाला कुणी नव्हतं. कड्याच्या टोकापर्यंत जाऊन तिने खाली पाहिलं. मग मागच्या भिंतीकडे धावली. तिथे सावलीच्या चिंचोळ्या पट्ट्यात पंचफुला बसली होती. विशाखा तिच्या मांडीवर होती आणि ती बोटांनी तिचे केस विंचरत होती.

विनीताने मुलीला हिसकावून घेतलं.

"धरा हिला! पोर पळवत होती! धरा!"

सगळे उष्ट्या हातांनी धावत आले. दोघांनी पंचफुलाचे दंड पकडले. ती उठलीसुद्धा नाही. विशाखा रडायला लागली.

"काय गं पंचफुला?" शिवमूर्ती सरांचा आवाज चढला. "काय चाललंय हे?"

"पळवत न्हाई, सर. रीतीनं न्यायला आले."

"कसली रीत?"

"हात सोडा, सांगते."

सरांनी खूण केली. दोघांनी हात सोडले. पंचफुलाने कमरेची ओटी सोडली. आत जवारी होती, पाखडून निवडलेली.

"सटवीनं माझी तीन लेकरं नेली. चौथी झाली तवा आम्ही भोकरकडं रस्त्याच्या कामावर व्हतो. हे साहेब हजेरी घ्यायचे. आमच्यात असं लेकरू परक्याच्या पदरात टाकत्यात. परक्याचं झालं की सटवीचा डोळा बसत न्हाई. ह्या बाईंनी सूपभर जवारी दिली, म्या लेक दिली. दात आले की जवारी परत द्यायची आन् लेक परत घ्यायची, अशी बोली व्हती. दात यायच्या आतच साहेबांची बदली झाली. चार वर्सं हुडकून राहिले, सर. मागच्या महिन्यात तुमच्यासंगं हे साहेब वाडीवरून जाताना दिसले."

शिवमूर्ती सरांनी रेणुकादासकडे पाहिलं. रेणुकादास भिंतीला टेकून मटकन खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

पंचफुला ओटी सावरत विनीतापुढे आली.

"लेकराला तुम्ही लई जपलं, बाई. तुमचे उपकार हायेत. ही तुमची जवारी, पदर धरा."

विनीताने पदर कमरेला गच्च खोचला.

"बघत काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "धरा तिला."