नव्या पँटची मोहरी

"आता कसा माणसात आलास!" कप्तान अल्दियार म्हणाला, आणि धक्क्यावर जमलेले खलाशी खो खो हसले.

तरुण खलाशी बेकझात नवा गणवेश घालून सगळ्यांपुढे गिरकी घेत होता. निळाशार, अंगाबरोबर बसलेला, पायांशी निमुळता. होता कामाचाच गणवेश, पण असा की तो घालून खुशाल लग्नाला जावं. अकताऊच्या नौदल तळावर माणसं आजवर जे कपडे घालून तेला-ग्रीसमध्ये लोळत होती, ते याच्यापुढे गोणपाट वाटायला लागले. कप्तानाने टेबलावरचा कागद पुढे ओढला. त्याची सही झाली की तळावरच्या चारशे माणसांसाठी हाच नमुना शिवायला जाणार होता.

"सही जरा थांबवा," ओरिनबासर म्हणाला.

ओरिनबासर कप्तानाच्या जहाजावरचा जुना मिचमन, म्हणजे खलाशांच्या वरचा, अधिकाऱ्यांच्या खालचा हुद्देदार. नव्या भरतीला दोर, गाठी आणि पोहणं शिकवायचं काम एकवीस वर्षं त्याच्याकडे होतं. सगळे त्याला मानाने ओरेके म्हणत आणि पाठ वळली की त्याच्या ढेरीवर विनोद करत. तो वाकला, बेकझातच्या पँटची मोहरी त्याने चिमटीत धरून पाहिली.

"ही बुटावरून निघायची नाही."

"मग बूट आधी काढायचे, ओरेके. घरी आईपण तेच सांगते."

पुन्हा हशा.

"गार पाण्यात बोटं आखडल्यावर बुटाची नाडी सोडशील? आपली जुनी पँट बुटावरून सटकन निघते. तिच्या पायांना गाठ मारायची, आत हवा भरायची, गळ्यात अडकवायची आणि तरंगत राहायचं. मीच शिकवलं ना तुला?"

"शिकवलंत की! पण ही घालून गावात गेलो तर मुली आपणहून नाव विचारतील."

"आणि ही घालून समुद्रात पडलास तर मासे विचारतील."

कप्तान हसला नाही. माणूस वाईट नव्हता आणि मूर्ख तर मुळीच नव्हता. "ओरेके, जहाजावर लाइफ जॅकेटं आहेत. ढगळ कपड्यातला माणूस कामही ढगळ करतो. पुढच्या आठवड्यात चार देशांचे पाहुणे येताहेत. आपली माणसं त्यांच्यापुढे पोती नेसवून उभी करू?"

"डेकवरून घसरणारा माणूस आधी जॅकेट शोधायला जात नाही, साहेब." ओरिनबासर बेकझातकडे वळला. "काढ ती पँट. मला दे."

खोक्यांच्या आड जाऊन तो ती चढवून आला. बटण लागेना, म्हणून त्याने वरून पट्टा आवळला होता. "शिवण सांभाळा, ओरेके!" कोणीतरी ओरडलं. त्याने लक्ष दिलं नाही. खाली बसून दोन्ही बुटांच्या नाड्या त्याने घट्ट बांधल्या.

"कमरेला दोर बांधल्याशिवाय उडी नाही," कप्तान म्हणाला.

"बांधा. आणि वीसपर्यंत मोजा. वीसच्या आत निघाली तर तुमचा कागद मी स्वतः शिंप्याकडे पोचवतो. मी हात वर केला तरच ओढायचं. त्याआधी नाही."

खरं तर त्याला भीती वाटत होती. एप्रिलचं पाणी आणि त्रेपन्नावं वर्ष. पण त्या चारशे पँटींमध्ये त्याने पोहायला शिकवलेली पोरं असणार होती. त्याने उडी मारली.

थंडीने छातीच आवळली. पट्टा सोडला, पँट खाली ढकलली. गुडघ्यांपर्यंत ती सुरळीत उतरली. निघतेय की काय, असं वाटून तो क्षणभर ओशाळला, तरी हाताचा जोर कमी केला नाही. लबाडी करायची असती तर पाण्यात उतरायचंच कशाला? टाचेशी मात्र मोहरी अडकली ती अडकलीच. उलटी झालेली पँट दोन्ही पायांभोवती गुंडाळली गेली; वर येईना की खाली जाईना. पाय मारावे तर दोन्ही एकदम हलत होते. डोकं पाण्याखाली गेलं. नाडी चाचपली, पण बोटांना ती लागेना. हात वर करावासा वाटला. त्याने केला नाही. दोन्ही हातांनी मोहरीच ओढत राहिला. मग नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि तो इतका घाबरला की कप्तान, कागद, पँट, काहीच त्याच्या लक्षात राहिलं नाही.

कमरेला जोराचा हिसका बसला.

धक्क्यावर पालथा पडून तो बराच वेळ पाणी ओकत होता. पँटचा बोळा अजून घोट्यांशीच होता. बेकझातने चाकू काढला आणि ती निळीशार पँट दोन्हीकडून टराटरा फाडून त्याचे पाय मोकळे केले. दोर कप्तानाच्या हातात होता आणि त्याचे पांढरे हातमोजे तळव्यांवर फाटले होते.

"हात का नाही वर केलात?" कप्तान ओरडला. "पस्तीस झाले! पस्तीस!"

"केला असता," ओरिनबासर धापा टाकत म्हणाला, "तर म्हणाला असतात, म्हातारा दमला."

या वेळी कोणी हसलं नाही. कप्तानाने फाटके हातमोजे काढले. टेबलावरचा कागद उचलून त्याने दोनदा दुमडला आणि खिशात घातला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "पाहुणे विचारतील हो, ओरेके. तुमची माणसं अशी गबाळी का दिसतात? काय सांगू त्यांना?"

बेकझात ओरेकेची जुनी पँट धरून उभा होता. ओरिनबासरने कुडकुडत तिच्यात ओल्या बुटासकट पाय घातला, आणि बूट कुठेही न अडता खालून बाहेर आला.

"सांगा, अजून एकही बुडालेला नाही, म्हणून."