कोरियाचं पार्सल

नाटक अगदी रंगात आलं होतं आणि तेवढ्यात दुकानाच्या दारात तारवाला उभा राहिला.

डोंगरावरच्या त्या साऱ्या वस्तीत रेडिओ एकच, फेलोच्या दुकानात. दुपारी बेटाच्या राजधानीतून, सान हुआनहून, आल्मा नावाच्या दुर्दैवी पोरीचं नाटक लागायचं आणि बायका चुलीवरचं उतरवून खाली यायच्या. फेलोची अट एवढीच, की ऐकायचं तर काहीतरी विकत घ्यायचं. आल्माचं पहिलं लग्न मोडलं त्या आठवड्यात दुकानातल्या काड्यापेट्या संपल्या होत्या. नाटकाआधी बातम्या लागत. त्यांत आधी साखरेचा भाव, मग बेसबॉल, मग बेटावरची पोरं जिथं लढायला गेली होती ते कोरिया. कोरिया येईपर्यंत बायका एकमेकींशी बोलायला लागलेल्या असत.

तारवाला डोंगर चढत नसे. वरच्या घरांचं टपाल दुकानातच पडायचं. त्यानं पिवळं पाकीट फळीवर ठेवलं, फेलोच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि नेहमीचा घोटभर रम न घेताच तो निघून गेला. रम नाकारणारा तारवाला काय घेऊन येतो, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं.

"कुणाचं?" रेडिओला खेटून बसलेल्या प्रोवीनं विचारलं.

"तोमासाच्या एलादियोचं," फेलो म्हणाला.

बायकांनी छातीवर क्रूस काढला. कुणीतरी हुंदका दिला. रेडिओवर आल्माचा होणारा नवरा चर्चच्या पायऱ्या चढत होता.

"कुणीतरी वर जाऊन सांगायला पाहिजे तिला."

"जाते की मी," प्रोवी म्हणाली. "एवढा भाग होऊ दे. बिचारीला घटकाभर उशिरा कळलं तर काय बिघडतंय?"

कुणी हललं नाही. वाईट नव्हत्या त्या बायका. त्यांतल्या निम्म्यांनी एलादियोला कडेवर घेऊन हिंडवलं होतं. पण आल्माचं काय होणार हे अजून कळायचं होतं, आणि एलादियोचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

घटकाभरही थांबावं लागलं नाही. तोमासा स्वतःच दारात आली. दर महिन्याला पोराला पार्सल पाठवायची तिची रीत, आणि आज तोच दिवस होता. फेलोनं पाकीट घाईघाईनं एका पोत्याखाली सारलं.

"कॉफी दे, पेरूची वडी दे, सिगारेटी दे," ती म्हणाली. "आणि लोकरीचे मोजे आले असतील तर तेही. बोटं काळी पडतात म्हणे तिथल्या थंडीनं. काय गं, लागलं का लग्न?"

"लागतंय," प्रोवी जमिनीकडे बघत म्हणाली.

"कॉफीचा भाव पुन्हा चढवला असशीलच तू, फेलोशेठ."

हे भांडण दर महिन्याचं. फेलो म्हणायचा, युद्ध आहे ना बाई, मी काय करू. तोमासा म्हणायची, युद्धावर माझा पोरगा आणि युद्धाचा भावही माझ्याच बोकांडी? सगळं दुकान हसायचं आणि फेलो एक सेंटही सोडायचा नाही. खरेदीवर चिमूटभर काहीतरी फुकट घालायची त्या बेटावरच्या प्रत्येक दुकानाची चाल होती. फेलोच्या दुकानात फुकट मिळायचा तो त्याचा उसासा.

आज फेलो म्हणाला, "जुन्याच भावानं ने."

तोमासा हसली. "ताप आलाय का रे तुला?"

काटा बरोबर झाला तरी त्यानं वर आणखी ओंजळभर कॉफी घातली. पेरूची वडी हवी त्याहून मोठी कापली. चीजचा एक तुकडा कागदात गुंडाळला आणि म्हणाला, "हे वर." मग मोजे पुढे केले. "यांचे पैसे राहू देत."

तोमासाचं हसू तसंच तोंडावर राहिलं. तिनं मागे वळून बायकांकडे पाहिलं. रेडिओवर लग्नाची घंटा वाजत होती आणि एकीचंही तिकडे लक्ष नव्हतं. साऱ्या जणी तिच्याकडे बघत होत्या. तिची नजर पडली तशा सगळ्यांनी माना खाली घातल्या. प्रोवीनं हात लांब करून रेडिओ बंद केला.

तोमासानं फळीची कड दोन्ही हातांनी धरली. तिला कळलं होतं, आणि ते तिला कळून घ्यायचं नव्हतं.

"तोमासाबाई," फेलोनं सुरुवात केली, "हे बघ..."

"गप बस."

तिनं चीज परत त्याच्यापुढे ठेवलं. पुड्यातली वरची कॉफी मुठीनं काढून पोत्यात टाकली. बरीचशी कॉफी जमिनीवर सांडली.

"आजचा भाव सांग."

"असू दे गं बाई. घेऊन जा तशीच."

"युद्ध चालू आहे ना अजून? मग भाव चढलेलाच असणार. सांग."

फेलोनं बायकांकडे पाहिलं. त्याच्या मदतीला कुणी आलं नाही. शेवटी त्यानं पडलेल्या आवाजात भाव सांगितला, चढलेला. तोमासानं रुमालाची गाठ सोडली आणि मोज्यांसकट सगळ्याचे पैसे फळीवर ठेवले. दुसरं काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं ते उचलले.

"आता बांधून दे," ती म्हणाली. "दोरी घट्ट आवळ. लांब जायचंय."